गोंदनाकाची तसबीर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. शाळेतली पोरं पाठीमागे मला 'ठेचा बाई' म्हणतात आणि ते मला ठाऊक आहे. तेव्हा हे सगळं मी रागात सांगते आहे असं कुणी म्हटलं, तर मी नाही म्हणणार नाही. पण रागावलेलं माणूस खोटंच बोलतं असं काही नाही. कोणत्या दिवशी काय झालं, कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं, हे मी त्या त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं आहे. शंका आली की ती वही उघडते.

जिंतूरच्या एका खासगी शाळेत मी चित्रकला शिकवते. सातवं वर्ष चालू आहे आणि तेव्हा माझ्या नेमणुकीला अजून सरकारी मान्यता नव्हती. संस्थेचे अध्यक्ष अनंतराव. फाइलचं विचारलं की ते बोट वर करून म्हणायचे, "वर गेलीये, बाई." वर म्हणजे विभागीय कार्यालयात, मंत्रालयात की खरोखरच आभाळात, हे मला कधी कळलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी चित्रकलेच्या खोलीत ग्रेड परीक्षेचे कागद आवरत होते. तांब्या, वांगी आणि घडी घातलेला टॉवेल, अशी पन्नास चित्रं. त्यातल्या चाळीस मुलांचा तांब्या कलंडलेला. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या देत असताना अनंतराव स्वतः आत आले. मागे रंगनाथ. रंगनाथ आमच्या शाळेचा क्लार्क. लहानपणी बैलाचं शिंग लागलेलं, त्यामुळे डाव्या भुवईत आडवी खूण. फार सरळ माणूस. कुणाचा कागद त्याने कधी मुद्दाम अडवून ठेवला नाही.

"बाई, तुमच्याच गावचं काम आहे," अनंतराव म्हणाले. "कोळपिंपरीला स्मारकाचा हॉल होतोय, माहीतच आहे तुम्हाला. सरदार गोविंदरावांचं तैलचित्र लागेल. चार बाय पाच. दिवाळीनंतरच्या अमावस्येला अनावरण."

"कोण गोविंदराव?"

"कमाल करता. इंग्रजांशी लढलेले. तुमच्या गावचे."

"आमच्या गावचा इंग्रजांशी लढला तो गोंदनाक."

अनंतराव हसले. पोराने पाढा चुकवल्यावर मास्तर हसतात तसे. "लोक म्हणायचे काहीतरी. मूळ नाव गोविंदरावच असणार. आमच्या घराण्याचीच शाखा ती. पुरावे जमवतोय आम्ही." त्यांनी कागदात गुंडाळलेला एक जुना फोटो टेबलावर ठेवला. "हे आमचे आजोबा. चेहरेपट्टी वंशात उतरतेच. यावरून काढा. डोक्यावर फेटा, हातात तलवार. रुबाब आला पाहिजे."

फोटोत गोरा, गुबगुबीत गालांचा एक गृहस्थ खुर्चीत टेकून बसला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेवटी 'नाक' लागलेलं नाव गावाच्या कोणत्या बाजूचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. गोंदनाक आमच्या वस्तीतला. तो जिवंत असता तर या आजोबांनी त्याला ओसरीच्या पायरीवर टेकू दिलं नसतं. आणि आता त्याचं मरण तेवढं यांना हवं होतं.

"तुमची फाइल," अनंतराव जाता जाता म्हणाले, "अमावस्येपर्यंत मी स्वतः जाऊन घेऊन येतो."

मी हो म्हटलं. त्या 'हो'चा मला अजून राग येतो.

आता गावचं सांगायला हवं. कोळपिंपरी येलदरीच्या रस्त्याला आहे. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि लोक वर माळावर आले. येताना त्यांनी दारं आणली, चौकटी आणल्या आणि एक धोंडा आणला. काळा, सपाट, माणूस आडवा निजेल एवढा. त्याला आम्ही न्हाई-धोंडा म्हणतो.

तेव्हा मुलूख निजामाचा, पण पलटण इंग्रजांची. गोंदनाकाने पाच वर्षं त्या पलटणीला पूर्णेच्या खोऱ्यात झोपू दिलं नाही. चौक्या जाळल्या, डाक अडवली, धान्याच्या गाड्या उपाशी गावांत नेऊन सोडल्या. शेवटी एका पहाटे त्याला नदीकाठी गोळी लागली. पण मेला तो कोण, हे गोऱ्या साहेबाला कळेना. गोंदनाकाची तसबीर नव्हती, आणि त्याचा हुलिया सांगायला पाच वर्षांत एक माणूस पुढे आला नव्हता. म्हणून साहेबाने प्रेत या धोंड्यावर ठेवलं आणि अख्ख्या गावाची रांग लावली. शिपाई प्रत्येकाला विचारायचा, वळखतोस का? वळखेल त्याला इनाम जमीन, आणि मेलेल्याच्या नात्यातल्यांना फास. दीड दिवस रांग चालली. त्याची आई आली, बायको आली, चार वर्षांची लेक आली. प्रत्येकाने तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हटलं, न्हाई वळखत. शिपाई म्हणायचा, चल फुडं. साहेबाने कागदावर 'बेवारस' लिहिलं, आणि मेलेल्या गोंदनाकाच्या नावाने पुढे अकरा वर्षं चौक्या जळत राहिल्या.

तेव्हापासून दिवाळीनंतरच्या अमावस्येला सकाळी आमची वस्ती धोंड्यापाशी रांग लावते. छप्पन्नच्या धर्मांतरात आमच्या लोकांनी देव सोडले, नवस सोडले, अंगात येणं सोडलं. धोंडा सोडला नाही, कारण त्यात देव नव्हताच. तिथे फूल वाहायचं नाही, नारळ फोडायचा नाही, हात तर जोडायचेच नाहीत. हात जोडले तर साहेबाला कळेल. वस्तीतलं सगळ्यांत वयस्क माणूस धोंड्याशेजारी उभं राहतं आणि प्रत्येकाला विचारतं. आपण म्हणायचं, न्हाई वळखत. ते म्हणतं, चल फुडं. एवढंच.

गेली नऊ वर्षं विचारणारे म्हणजे माझे वडील, आश्रुबा. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धरणाच्या दरवाजांच्या देखभालीवर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. कपाळ रुंद, डोळ्यांचे कोपरे खाली उतरलेले, उजव्या कानाची पाळी फाटकी. मी आयुष्यात पहिलं माणूस काढलं ते आबांचं. त्यांचा चेहरा मी डोळे मिटून काढू शकत होते.

गोंदनाकाच्या गोष्टीला एक शेपूट आहे. त्या दीड दिवसात एकाने वळखलं होतं. जमिनीच्या लोभाने म्हणा, भीतीने म्हणा, तो म्हणाला, हाच तो. साहेबाने गावाला विचारलं, हा सांगणारा कोण? गाव म्हणालं, ह्यालाबी न्हाई वळखत. त्याची बायको तेच म्हणाली, पोरं तेच म्हणाली. ज्याला कुणी ओळखत नाही त्याची साक्ष साहेबाने धरली नाही. मी ही गोष्ट वर्गात कितीतरी वेळा सांगितली होती. गावाने फितुराला वाळीत टाकलं, किती हुशार गाव, असं मी मुलांना समजावायचे.

फोटो मिळाला त्या संध्याकाळी घरी येऊन मी तो आबांना दाखवला.

"काड की," आबा म्हणाले. "रंग लावल्यानं काय व्हतंय? आनंतरावाचा आजा बसंल भितीवर. बसू दे."

"तुम्हाला राग येत नाही आबा?"

"लय येतो. पर तुजी फाइल हाय ना त्याच्याकडं." मग म्हणाले, "येक ध्यानात ठिव, सुके. काडायचं ते काड. पर हाच तो, आसं तोंडानं म्हनू नगस. कुनीबी म्हनू नये."

"ही अंधश्रद्धा झाली."

"आसंल," आबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

सुट्टीत शाळा रिकामी असते. मी सकाळी नऊला जायचे आणि पाचची येलदरी गाडी धरायचे. खोलीत जवसाच्या तेलाचा वास, झडपेवर पारव्यांचं घुमणं, दुसरं काही नाही. चार दिवसांत फेटा झाला, तलवार झाली, मागचा डोंगर झाला. पाचव्या दिवशी चेहरा घेतला आणि तिथे अडलं.

फोटोकडे बघून नजर कॅनव्हासवर आणली की फोटोतला चेहरा मला आठवेना. नाक आठवायचं, गाल आठवायचे, पण माणूस नाही. पुन्हा फोटोकडे बघायचं, पुन्हा तेच. वीस वर्षं मी चेहरे काढते आहे, असं कधी झालं नव्हतं. मी चिडले. कंपासने मापं घेतली. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटी. मापं बरोबर होती, माणूस जुळत नव्हतं. परभणीला जाऊन डोळे तपासून आले. नंबर होता तोच होता.

शेवटी एक चेहरा तयार झाला. तो अनंतरावांच्या आजोबांचा नव्हता आणि दुसऱ्या कुणाचाही नव्हता. समोर उभं राहिलं की दिसायचा, पाठ फिरवली की आठवायचा नाही.

शाळा उघडली त्या दिवशी अनंतराव बघायला आले. बराच वेळ बघत राहिले.

"तुमच्या आजोबांसारखे वाटतात?" मी विचारलं.

"मी कोण सांगणार?" ते म्हणाले. "मी म्हटलं तर लोक म्हणतील, आपलंच घोडं दामटतोय. लोकांनी म्हटलं पाहिजे." स्मारकाच्या निधीसाठी सरकारकडे जाणाऱ्या प्रस्तावाला दोन साक्षी लागत होत्या. एक संस्थेतल्या माणसाची, एक गावातल्या जाणत्याची. त्यांनी रंगनाथकडे बघितलं.

रंगनाथ चित्रासमोर उभा राहिला. टाइप केलेला कागद त्याने मोठ्याने वाचला, "सदर चित्रातील व्यक्ती सरदार गोविंदराव हेच होत." मग माझ्याकडे वळून, मला बरं वाटावं म्हणून, हसून म्हणाला, "हाच तो, बाई. झकास काढलाय." आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी तो व्हरांड्यात मोबाइल तोंडासमोर धरून उभा होता. आमची हजेरी चेहरा दाखवून लागते.

"बघा ना बाई, चेहरा जुळत नाही म्हणतंय," तो म्हणाला.

"दाढी केली असेल आज चुकून," मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो.

तिसऱ्या दिवशी मी कार्यालयात गेले तर रंगनाथच्या खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसलेले. मी विचारलं, "रंगनाथ कुठे आहेत?"

त्या माणसाने मान वर केली. चेहरा पांढरा पडलेला. "बाई, तुम्हीही?" तो म्हणाला. "सकाळपासून तुम्ही सातव्या आहात."

आवाज रंगनाथचा होता. शर्ट रंगनाथचा, खिशाला लावलेलं हिरवं पेन रंगनाथचं. मी त्याची डावी भुवई बघितली. भुवई सलग होती. खूण नव्हती.

मी चित्रकलेच्या खोलीत गेले. कॅनव्हासवर डाव्या भुवईत आडवी खूण होती. मी ती काढलेली नव्हती. बोट लावून बघितलं. बाकीचा चेहरा अजून चिकट होता, तेलरंग इतक्या लवकर सुकत नाही. तेवढी खूण मात्र खडखडीत वाळलेली होती.

सोमवारी कमलबाई, रंगनाथची बायको, डबा घेऊन शाळेत आल्या. तो त्यांच्या समोरच उभा होता. त्या त्याला म्हणाल्या, "रंगनाथ सायबाला निरोप द्या जी, डबा आनलाय. चार दिस झाले, घरी आले न्हाईत." त्याने डब्यासाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी डबा पदराआड घेतला आणि दोन पावलं मागे सरकल्या. सगळी शाळा बघत होती आणि आमच्यापैकी एकालाही, तो कोण हे छातीवर हात ठेवून सांगता येईना. सांगता यायला हवं होतं, याचा मला भयंकर राग आला. स्वतःचा, सगळ्यांचा.

घरी येऊन मी आबांना सगळं सांगितलं. मायही ऐकत होती.

"मी उद्या ते चित्र खरवडून टाकणार आहे," मी म्हटलं. "राजीनामा देणार आहे. मान्यता गेली खड्ड्यात."

"सात वरसं गेली तुजी," आबा म्हणाले.

"जाऊ देत. दुसरी साक्ष तुमची मागतील ते. तुम्ही द्यायची नाही."

आबांनी एवढंच विचारलं, "त्यो रंगनाथ रडायला व्हता का?"

"नाही. नुसता उभा होता."

"हां," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन मी खोलीत गेले तर चित्राचा स्टँड रिकामा. सकाळीच टेम्पो येऊन चित्र कोळपिंपरीला गेलं होतं. अनंतराव फोन उचलत नव्हते. राजीनामा मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो न वाचता माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "अमावस्या होऊ द्या, बाई."

अमावस्येला सकाळी दहाला कार्यक्रम होता. हॉलला नव्या चुन्याचा वास येत होता. आत गेले आणि आधी मला धोंडा दिसला. चित्राखाली, शोभेचा चौथरा म्हणून ठेवलेला. त्याला सोनेरी रंग दिला होता. वर हार घातला होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षं ज्याला कुणी फूल दाखवलं नाही, त्याला झेंडूचा हार. आमच्या वस्तीची माणसं बाहेर उन्हात उभी होती. यंदा रांग लागली नव्हती. विचारायला आबा धोंड्यापाशी नव्हते. ते मंचावर होते, धुतलेलं धोतर नेसून, पांढरी टोपी घालून, पुढच्या खुर्चीवर.

मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात अनंतरावांची गाडी येऊन त्यांना घेऊन गेली होती.

अनंतराव माइकवर होते. "आणि आनंदाची गोष्ट," ते म्हणाले, "ज्या शिक्षिकेने हे चित्र काढलं, याच गावची लेक, तिच्या नेमणुकीची मान्यता काल आली." त्यांनी कागद उंच धरला. शिक्का दिसत होता. "आता गावचे सगळ्यांत जाणते आश्रुबा आपल्याला सांगतील."

त्यांनी कागद आबांच्या हातात दिला नाही. स्वतःच्या हातात धरून ठेवला.

मी गर्दीतून घुसले. कुणाच्या तरी पायावर पाय दिला, कुणाची तरी खुर्ची पाडली. "आबा, नको!" मी ओरडले. "मला नको ती मान्यता! आबा!"

लाउडस्पीकरने माझा आवाज खाऊन टाकला. पण आबांनी ऐकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रांगेत धोंड्याकडे बघायला ते आम्हाला शिकवायचे तसं, घाई न करता, सगळा चेहरा बघितला.

मग ते चित्राकडे वळले.

"हाच तो," आबा म्हणाले.

टाळ्या वाजल्या.

रंगनाथला दोन दिवस लागले होते. इथे तेवढाही वेळ लागला नाही. टाळ्या थांबायच्या आत एक म्हातारा मंचाच्या पायऱ्या उतरून माझ्याकडे यायला लागला. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. त्याच्या हातात शिक्क्याचा कागद होता.

"चल सुके, घरी जाऊ," तो म्हणाला.

मी त्याच्या खांद्यावरून मंचाकडे बघत होते. आबांची खुर्ची रिकामी होती.

"बाजूला व्हा जरा," मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं. "माझे वडील आहेत तिथे."

याला आता चार महिने झाले. मी वेडी नाही. हिशेबाने मला कळतं की तो म्हातारा म्हणजेच आबा. आवाज तो आहे, खोकला तो आहे, मी तिसरीत कोणत्या झाडावरून पडले हे त्याला ठाऊक आहे. डोक्याला पटतं. पण सकाळी उठून अंगणात बघितलं की रोज एक परका माणूस आमच्या बाजेवर बसलेला असतो. मी त्याला समोर बसवून त्याचं चित्र काढलं. नाक जसंच्या तसं, कपाळ जसंच्या तसं. पुरं झाल्यावर कागदाकडे बघितलं तर कागदावरही परकाच माणूस. माझ्या जुन्या वह्यांत आबांची दीडेकशे चित्रं असतील. त्यातलं एकही मला आता ओळखू येत नाही.

मायने त्याच्या मनगटाला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आहे, बाजारात चुकामूक होऊ नये म्हणून. ती त्याला वाढते, त्याच्याशी बोलते, पण डोक्यावरचा पदर आता पुढे ओढून घेते. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली बाई. रेशनच्या दुकानात त्याचा चेहरा जुळत नाही. रंगनाथ जिंतूर सोडून गेला. देवगाव फाट्यावर जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला एक माणूस 'मला ओळखलं का' असं विचारत फिरतो, असं मध्यंतरी कुणीतरी सांगत होतं. मी बघायला गेले नाही. गेले असते तरी कळलं नसतं.

मला आबांचा राग येतो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्या फितुरानंतर एवढ्या वर्षांत वस्तीतल्या एका माणसाने जे तोंडातून काढलं नाही, ते तुम्ही काढलंत, आणि माझ्या नावावर काढलंत. मी मागितलं नव्हतं. मी नको म्हणून ओरडत होते. मान्यतेचा तो कागद मी फाडला, पण त्याच्या प्रती सगळ्या कार्यालयांत आहेत. मी शाळेत जाते, तांब्या आणि वांगी काढून घेते. अनंतराव दिसले की नमस्कार करत नाही. त्यांच्या हॉलला पुढच्या वर्षी मोठा निधी मिळणार म्हणतात.

गेल्या रविवारी दुपारी मी सुरी पिशवीत घातली आणि हॉलवर गेले. अनावरणानंतर मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. दार उघडंच असतं. आत कुणी नव्हतं. पत्रा तापल्याचा आवाज येत होता. मी सरळ चित्रासमोर जाऊन उभी राहिले आणि सुरी बाहेर काढली.

भिंतीवर आबा होते.

रुंद कपाळ. खाली उतरलेले डोळ्यांचे कोपरे. उजव्या कानाची फाटकी पाळी. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना बघत होते. मी मोठ्याने रडले. सुरी हातातून पडली. आता हे चित्र मी कसं खरवडणार होते? माझे आबा जगात फक्त इथे उरले होते.

मग मला दिसलं की डोळे आबांचे असले तरी त्यातली नजर आबांची नव्हती. आबा कधी कुणाकडे असं बघत नसत. त्या नजरेतला राग फार जुना होता, आणि तो आमच्यावर होता. हार घालणाऱ्यांवर होता तसाच, तसबीर काढणाऱ्या माझ्यावरही होता.

तरी तोंडातून शब्द येतच होते. हेच ते. हेच माझे आबा.

शब्द दातांपाशी आले आणि मी तोंडावर हात दाबला. या चित्राकडे बघून 'हेच ते' म्हणायचं नव्हतं. मायला मग घरात दोन परकी माणसं झाली असती.

मागे पावलं वाजली. म्हातारा माझ्या पाठोपाठ आला होता. मनगटाला चिंधी. तो हळूहळू चालत धोंड्याशेजारी जाऊन उभा राहिला, दर वर्षी आबा उभे राहत तिथेच. त्याने धोंड्यावरचा सुकलेला हार उचलून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"वळखतीस का?" त्याने विचारलं.

मी भिंतीवरच्या आबांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. घाई केली नाही. सगळा चेहरा बघितला.

"न्हाई वळखत," मी म्हणाले.

"चल फुडं."

आवाज आबांचाच होता. पण तो भिंतीवरून आला होता. धोंड्याशेजारच्या म्हाताऱ्याने त्याचं स्वतःचं विचारलं होतं, आणि तो तोंड मिटून अजून माझ्या उत्तराची वाट बघत होता.